‘साठ’ की ‘आठ’? माइकवाला वायरचा हेडसेट घेण्याआधी

दहावीच्या गणिताची ऑनलाइन शिकवणी मी नाशिकच्या सिडकोतल्या घरातून घेते. एका संध्याकाळी त्रिकोणमितीचा तास चालू होता. मी सांगितलं, "कोन साठ अंशांचा घ्या." तास संपल्यावर वह्यांचे फोटो आले तेव्हा अकरापैकी चौघांनी आठ अंश लिहिलं होतं. त्यातल्या एकीच्या आईचा फोन आला, "ताई, तुमचा आवाज येतो हो, पण अक्षरं खाल्ल्यासारखा येतो. तिला खरंच आठ ऐकू आलं."

त्या दिवशी माझ्या कानांत जो हेडसेट होता, तो मी स्वतः दुकानात गाणी ऐकून निवडला होता. गाणी त्यावर सुरेख वाजायची. ‘साठ’मधला ‘स’ मात्र पलीकडे पोचतच नव्हता आणि मला त्याचा पत्ता नव्हता. आपला आवाज समोरच्याला कसा ऐकू जातो, हे आपल्याला कधी ऐकू येत नाही ना! तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय: माइकवाला हेडसेट निम्मा आपल्यासाठी असतो आणि निम्मा पलीकडच्या माणसासाठी. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेलं बहुतेक सगळं आपल्या निम्म्याबद्दल असतं. दुसरा निम्मा आपणच शोधून वाचावा लागतो.

तुम्ही पहिल्यांदाच असा हेडसेट घेत असाल, मुलाखतीसाठी, शिकवणीसाठी, घरून काम करण्यासाठी किंवा पिंपळगावहून द्राक्षांच्या व्यापाऱ्याशी व्हिडिओवर बोलण्यासाठी, तर पुढे लिहिलंय त्याच क्रमाने जा. आधी पिन, मग माइक, मग कान. आकडे त्यानंतर.

पहिली पायरी: पिन

दुकानात जाण्याआधी घरातला फोन, लॅपटॉप, कॉम्प्युटर जे काही वापरणार असाल त्याचा जॅक नीट बघा. फोटोच काढून ठेवा. जॅक तीन प्रकारचे सापडतील: गोल ३.५ मिलिमीटरचा, चपटा अंडाकृती टाइप-सी, आणि पेन ड्राइव्ह लावतो तो चौकोनी यूएसबी.

गोल पिनेत सगळ्यात जास्त लोक फसतात, म्हणून तिथे जरा थांबूया. पिन उजेडात धरा. धातूच्या दांडीवर काळी वर्तुळं दिसतील, काही पिनांवर ती पांढरी असतात. वर्तुळं दोन असली तर धातूचे तुकडे तीन होतात: टोक डाव्या कानाचं, मधला तुकडा उजव्या कानाचा आणि बुंध्याचा तुकडा दोघांची सामाईक परतीची तार, म्हणजे ग्राउंड. यात माइकला जागाच उरत नाही. वर्तुळं तीन असली तर तुकडे चार, आणि चौथ्यावर माइक. दुकानदार विचारतो, "ताई, दोन रिंगा की तीन?" तेव्हा तो हेच विचारत असतो. फोनसाठी आणि आजच्या बहुतेक लॅपटॉपच्या एकुलत्या एका गोल जॅकसाठी उत्तर ‘तीन’.

तीन रिंगांतही दोन पद्धती आहेत. एकीत टोकाकडून मोजलं तर डावा, उजवा, ग्राउंड, माइक असा क्रम असतो. तिला सीटीआयए म्हणतात आणि गोल जॅक असलेले आजचे जवळजवळ सगळे फोन तीच वापरतात. दुसरीत शेवटचे दोन उलटे असतात, तिचं नाव ओएमटीपी. काही जुन्या फोनांची ती पद्धत. एका पद्धतीचा हेडसेट दुसऱ्या पद्धतीच्या फोनला लावला की गंमत होते. गाण्यातली वाद्यं ऐकू येतात, पण गाणाऱ्याचा आवाज खोल विहिरीत गेल्यासारखा होतो किंवा जवळपास नाहीसाच होतो. कारण ग्राउंड नीट न जुळल्यामुळे कानांना डाव्या-उजव्यातला फक्त फरक मिळतो, आणि गायकाचा आवाज दोन्हीकडे सारखाच भरलेला असतो. अशा वेळी वायरीवरचं कॉल घ्यायचं बटण दाबून धरा. ते बटण माइकची तार ग्राउंडला टेकवतं, त्यामुळे गायक एकदम परत आला तर रोग ग्राउंडचा आहे हे नक्की. पिन पूर्ण आत न बसल्यावरही नेमकी हीच तक्रार येते, म्हणून फोनचं जाड कव्हर काढून एकदा बघाच. माझ्या भाचीने हेडसेट खराब म्हणून बाजूला टाकला होता, दोष निघाला कव्हरच्या कडेचा.

घरी जुना डेस्कटॉप असेल तर त्याला बहुधा दोन जॅक असतात: हिरवा ऐकण्याचा, गुलाबी माइकचा. तिथे तीन रिंगांची एकच पिन हिरव्यात घातली तर कानाला ऐकू येतं आणि माइक मुका राहतो. यासाठी छोटा जोड मिळतो, एका बाजूला हेडसेटसाठी एक जॅक आणि दुसऱ्या बाजूला दोन पिना. मागताना "माइक आणि हेडफोन वेगळे करणारा" असं स्पष्ट म्हणा. कारण दोघांनी मिळून गाणी ऐकण्यासाठीचा जोडही दिसायला तसाच असतो. त्याला एक पिन आणि दोन जॅक असतात आणि तो इथे काहीच कामाचा नाही.

टाइप-सी वायरच्या हेडसेटमध्ये एक गोष्ट विचारायची: आत डॅक आहे का? डॅक म्हणजे फोनमधल्या आकड्यांचं आवाजात रूपांतर करणारी चिप. काही स्वस्त टाइप-सी हेडसेटमध्ये ती नसते. ते फोनच्या आतल्या चिपवर अवलंबून राहतात, आणि पुष्कळ फोन टाइप-सीतून तसा तयार आवाज बाहेर देतच नाहीत. डॅक असलेला हेडसेट फोनवर, लॅपटॉपवर, टॅबवर बहुतेक ठिकाणी चालतो.

चौकोनी यूएसबीचा हेडसेट म्हणजे स्वतःचं साउंड कार्ड सोबत घेऊन आलेला हेडसेट. आवाज आत घेणं, बाहेर देणं, दोन्ही कामं त्याच्या वायरीतल्या डबीत किंवा कानाच्या कपात होतात. लॅपटॉपचं स्वतःचं साउंड कार्ड कितीही सुमार असलं तरी तुमचा माइक त्यातून जात नाही. रोज चार-पाच तास कॉम्प्युटरवर बोलायचं असेल तर मी डोळे झाकून यूएसबीच सुचवते. मी स्वतः शेवटी तोच घेतला. यूएसबी ३.० हवं का, असं काहीजण विचारतात. काही गरज नाही, आवाजासाठी २.० पुरून उरतं.

दुसरी पायरी: माइक

हेडसेटमधला माइक बहुधा इलेक्ट्रेट जातीचा असतो. १९६२ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये गेरहार्ड सेस्लर आणि जेम्स वेस्ट यांनी तो बनवला. कायमचा विद्युतभार धरून ठेवणारा एक पातळ पडदा आवाजाने हलतो आणि त्यातून सूक्ष्म विद्युतदाब तयार होतो. त्याच्या आतल्या इवल्याशा सर्किटला थोडी वीज लागते, ती फोन किंवा कॉम्प्युटर त्याच माइकच्या तारेतून पुरवतो. म्हणून पिनेच्या शेवटच्या तुकड्यावर मळ बसला की कान ठणठणीत आणि माइक मेलेला, असं होतं.

माइकची जात सगळ्यांची जवळपास एकच. खरा फरक पडतो तो कुठे बसवलाय यामुळे.

इअरफोनच्या वायरीवर, बटणांच्या डबीत जो माइक असतो, तो छातीवर लोंबतो. तोंडापासून साधारण २४ सेंटिमीटरवर. कानाच्या कपातून पुढे येणाऱ्या दांडीवरचा माइक तोंडाच्या कोपऱ्यापासून ३ सेंटिमीटरवर येतो. आता हिशेब करा. अंतर निम्मं केलं की तुमचा आवाज माइकपाशी ६ डेसिबलने वाढतो. २४चे १२, १२चे ६, ६चे ३, म्हणजे तीनदा निम्मं, म्हणजे १८ डेसिबल. घरातला मिक्सर, गल्लीतला भाजीवाला, पंखा हे सगळं मात्र होतं तिथेच राहतं, त्यांचं अंतर काही बदलत नाही. म्हणजे दांडीच्या माइकमध्ये तुमचा आवाज गोंगाटाच्या तुलनेत १८ डेसिबलने वर येतो. इतका फायदा दुसरी कुठलीही सोय देत नाही. माझा ‘स’ इथेच हरवला होता. लोंबणारा माइक, वर पंखा. शिवाय ‘स’ची बहुतेक ताकद साधारण ४,००० हर्ट्झच्या वर, म्हणजे सेकंदाला चार हजारांहून जास्त कंपनांच्या बारीक आवाजात असते आणि कानाला ती खरखरीसारखीच असते. मीटिंगचं सॉफ्टवेअर गोंगाट पुसायला बसलं की दुबळा ‘स’ही त्यात पुसला जातो.

लोंबत्या माइकचा आणखी एक त्रास बायकांना चांगला माहीत असेल. मंगळसूत्र, ओढणी, शर्टचं बटण, जे असेल त्यावर तो घासतो आणि पलीकडे दारावर कोणी नखं ओढतंय असं ऐकू जातं.

म्हणून बोलण्याचं काम जास्त असेल तर दांडीवाला हेडसेट घ्या. दांडी वळते का, वळवलेल्या जागी टिकते का, बघा. पुष्कळांची दांडी गोल फिरून डावीकडे किंवा उजवीकडे कुठेही लावता येते. लिहिताना उजवा हात मोकळा हवा असतो, म्हणून मी ती डावीकडे ठेवते.

दांडी अगदी तोंडासमोर आणू नका. मराठीत ख, घ, छ, ठ, फ, भ अशी श्वासाचा झोत टाकणारी अक्षरं पावलोपावली येतात. तळहात ओठांसमोर धरून "भाकरी, फळा, खिडकी" म्हणा, प्रत्येक शब्दाला वारा लागेल. तोच वारा माइकच्या पडद्यावर आपटला की पलीकडे ‘भप्प’ असा धक्का बसतो. माइक ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटं दूर आणि हनुवटीकडे किंचित खाली ठेवला की आवाज पोचतो आणि वारा बाजूने निघून जातो. काळी स्पंजची टोपी सोबत आली असेल तर ती काढून टाकू नका, ती याच वाऱ्यासाठी आहे.

खोक्यावर माइकच्या दिशेबद्दल एखादा शब्द असतो. ओम्नी म्हणजे चारी बाजूंचं सारखंच ऐकणारा. युनि किंवा कार्डिऑइड म्हणजे समोरचं जास्त ऐकणारा. गजबजलेल्या घरासाठी दुसरा. नॉइज कॅन्सलिंग माइक म्हणून जे मिळतात, त्यातल्या अनेकांना पुढे आणि मागे अशी दोन भोकं असतात. लांबून येणारा आवाज दोन्ही भोकांतून जवळजवळ सारखाच शिरतो आणि आपसांत कटतो, जवळून येणारा तुमचा आवाज पुढच्या भोकात जास्त शिरतो, म्हणून तो उरतो. इथे दोन चुका होतात. दांडी पिळली जाऊन पुढचं भोक बाहेरच्या बाजूला जातं, किंवा कोणीतरी धूळ नको म्हणून मागचं भोक चिकटपट्टीने बुजवतं. दोन्ही चुकांत माइकचं सगळं गणित बिघडतं.

आणखी एक गोंधळ इथेच मिटवूया. ईएनसी म्हणजे तुमच्या भोवतालचा गोंगाट पलीकडे जाऊ न देणं. एएनसी म्हणजे तो तुमच्या कानांत येऊ न देणं. एएनसीला वीज लागते, त्यामुळे बॅटरी नसलेल्या, साध्या गोल पिनेच्या हेडसेटवर नुसतं ‘नॉइज कॅन्सलिंग’ लिहिलेलं असेल तर ते बहुधा माइकबद्दल आहे असं समजा. आणि हेही मान्य करा की देवळालीच्या तोफांचा सराव किंवा ओझरकडून उडालेलं लढाऊ विमान यांपुढे कुठलाच माइक टिकत नाही. तेवढा वेळ म्यूट करायचं. म्हणून म्यूटचं बटण वायरीवर, हाताला चटकन लागेल असं हवं, आणि म्यूट झालंय हे दाखवणारा लाल दिवा असला तर फारच बरं.

तिसरी पायरी: कान

इथे लवकर आटपते, कारण हे प्रत्येकाने आपापल्या कानांवरच ठरवायचं असतं. पूर्ण कान झाकणारे मोठे कप बाहेरचा आवाज अडवतात, पण एप्रिल-मेमध्ये कानांना घाम येतो. कानावर टेकणारे छोटे कप हलके असतात, तासाभराने कानाची पाळी दुखते. चष्मा असेल तर चष्मा लावूनच घालून बघा. एकाच कानाचा हेडसेट घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असणाऱ्यांना सोयीचा, दुसरा कान घरासाठी मोकळा राहतो.

ड्रायव्हर म्हणजे कपातला छोटा स्पीकर. ४० मिलिमीटर, ५० मिलिमीटर असे आकडे ठळक छापतात. मोठा म्हणजे चांगला, असं अजिबात नाही. बोलण्यासाठी ३० मिलिमीटरचाही उत्तम चालतो. ७.१ सराउंड म्हणजे आवाज चहूबाजूंनी येतोय असा, गेम खेळणाऱ्यांसाठी बहुधा सॉफ्टवेअरने केलेला भास. मीटिंगसाठी त्याचे जास्त पैसे देऊ नका.

यूएसबी हेडसेटवर कधीकधी साइडटोन असं लिहिलेलं असतं. म्हणजे बोलताना तुमचाच आवाज हलकासा तुमच्या कानात सोडणं. दोन्ही कान झाकले की माणूस नकळत ओरडून बोलतो. साइडटोन असला की ओरडत नाही. शिक्षकांनी ही सोय असलेलाच बघावा, संध्याकाळी घशालाच फरक कळतो.

चौथी पायरी: मागच्या बाजूचे आकडे

खोकं उलटं करा. बारीक अक्षरांत चार-पाच ओळी असतील.

फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स: २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ. माणसाचा कान साधारण इतकंच ऐकतो, म्हणून हा आकडा जवळजवळ प्रत्येक खोक्यावर सारखाच असतो आणि त्यावरून निवड करता येत नाही. त्याच्याखाली माइकची वेगळी ओळ असते, ती वाचा. जुनी टेलिफोन लाइन ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढंच नेत असे. फोनवर आडनाव सांगताना "स, सफरचंदाचा स" असं म्हणावं लागायचं ते त्यामुळेच. माइकवर १०० हर्ट्झ ते १० किलोहर्ट्झच्या आसपास लिहिलेलं असेल तर तुमचे स, श, फ नीट पोचायला हरकत नाही.

इम्पिडन्स: ओहममध्ये. हा ड्रायव्हरचा विजेला होणारा अडथळा. १६ किंवा ३२ ओहम असेल तर फोन-लॅपटॉप सहज चालवतात. २५० किंवा ३०० ओहमचे हेडफोन स्टुडिओतल्या ॲम्प्लिफायरसाठी असतात, फोनवर ते पुटपुटतील. यूएसबी हेडसेटमध्ये ॲम्प्लिफायर आतच असल्यामुळे हा आकडा बघायची गरज नाही.

सेन्सिटिव्हिटी, कानाची: उदाहरणार्थ १०८ डेसिबल. एवढी वीज दिली तर एवढा मोठा आवाज, असा त्याचा अर्थ. ९८ आणि १०८ मध्ये १० डेसिबलचा फरक दिसतो, पण तितकाच आवाज काढायला ९८वाल्याला दहापट वीज लागते. तुलना करताना शेवटचं एकक बघा. एक कंपनी १ मिलिवॅटला मोजते, दुसरी १ व्होल्टला. ३२ ओहमचा एकच हेडसेट व्होल्टच्या मापात १५ डेसिबलने भारी दिसतो.

सेन्सिटिव्हिटी, माइकची: हा आकडा उणे असतो आणि तिथेच माणसं घाबरतात. उणे ३८, उणे ४२ असं काहीतरी. शून्याच्या जितका जवळ, तितका माइक हळू आवाजही जास्त पकडतो. उणे ३८वाला उणे ४२पेक्षा दीडपटीहून थोडा जास्त विद्युतदाब देतो. मग एखाद्या खोक्यावर उणे ५८ दिसतं आणि वाटतं हा अगदीच बहिरा. तसं असेलच असं नाही. आवाजाचा हवेतला दाब मोजायचं एक जुनं एकक आहे, मायक्रोबार. त्यात मोजलेला उणे ५८ आणि आजच्या पास्कलमध्ये मोजलेला उणे ३८ हा एकच माइक आहे, फरक मापातला २० डेसिबलचा. फूट आणि मीटर यांची तुलना नुसत्या आकड्यांवरून करत नाही, तसंच हे. आणि फार संवेदनशील माइक म्हणजे चांगला माइक असंही नाही, तो शेजारच्यांचा कुकरही तितक्याच प्रेमाने पकडतो.

वायरीची लांबी: फोनसाठी १.२ मीटर ठीक. टेबलाखाली ठेवलेल्या कॉम्प्युटरला मागून लावायचं असेल तर २ मीटर हवी, नाहीतर मान वाकडी करून बसावं लागतं.

पाचवी पायरी: दुकानात

एमजी रोडवर मोबाइल-कॉम्प्युटरच्या दुकानांची रांग आहे, कॉलेज रोडला, नाशिकरोडलाही भरपूर दुकानं आहेत. ऑनलाइन स्वस्त मिळतं हे खरं, पण पहिला हेडसेट हाताळून घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

स्वतःचा फोन किंवा लॅपटॉप सोबत न्या. दुकानदाराच्या फोनवर वाजलं म्हणजे तुमच्या फोनवर वाजेल असं नाही. हेडसेट लावा, फोनमधला व्हॉइस रेकॉर्डर चालू करा आणि हे वाक्य नेहमीच्या आवाजात म्हणा: "शेजारच्या सासूबाई साठ फणस घेऊन भर दुपारी खिडकीत बसल्या." श, स, फ, भ, ख सगळे यात आलेत. मग रेकॉर्डिंग ऐका. ‘साठ’चा ‘स’ स्वच्छ आहे का? ‘भर’ म्हणताना भप्प होतंय का? मागे रिक्षांचे हॉर्न किती मोठे आहेत? रस्त्यालगतचं दुकान या परीक्षेला उत्तमच. बोलता बोलता पिनेजवळ वायर हळूच हलवा, खरखर आली तर तो नग नको. रेकॉर्ड होताना माइकपाशी फुंकर मारा किंवा नखाने हलकं टकटक करा, म्हणजे रेकॉर्डिंग खरोखर हेडसेटच्या माइकने होतंय की फोनच्या, हेही कळेल.

पिनेपाशी आणि कपापाशी वायर जिथे आत शिरते तिथे मऊ रबराची मान असावी. वायर तुटते ती नव्वद टक्के तिथेच, असं माझ्या दुरुस्तीवाल्याचं म्हणणं, आणि माझ्या घरातल्या चार मेलेल्या हेडसेटपैकी चारही तिथेच तुटले आहेत. मांडीवर लॅपटॉप घेऊन बसत असाल तर काटकोनात वळलेली पिन बरी.

पक्कं बिल घ्या. वॉरंटी किती महिन्यांची आणि तुटलेली वायर त्यात धरतात का, हे पैसे देण्याआधी विचारा. बहुतेक वेळा धरत नाहीत. एमआरपीत सगळे कर आलेले असतात, त्यावर वेगळा जीएसटी कोणी मागू शकत नाही.

सहावी पायरी: घरी आल्यावर

नुसतं लावून भागत नाही. लॅपटॉपला गोल पिन लावल्यावर कधीकधी खिडकी उघडते: काय जोडलंय? तिथे ‘हेडफोन’ न निवडता ‘हेडसेट’ निवडा, नाहीतर माइक लॅपटॉपचाच चालू राहतो. विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड असं जा. इनपुटमध्ये तुमच्या हेडसेटचं नाव निवडा आणि बोला. पट्टी हलली पाहिजे. पातळी ७० ते ८०च्या आसपास ठेवून सुरुवात करा. पट्टी सतत शेवटाला टेकत असेल तर आवाज फाटतो, ती कमी करा. प्रायव्हसीमध्ये मायक्रोफोनची परवानगी चालू आहे ना तेही बघा. मीटिंगच्या ॲपमध्ये माइकची निवड पुन्हा वेगळी असते, तिथेही हेडसेटच हवा.

आणि मुलाखतीच्या किंवा पहिल्या तासाच्या आदल्या दिवशी घरच्याच कोणालातरी कॉल करून विचारा, "कसा येतोय आवाज?" माझी भाची तोंडावर सांगते, "मावशी, तू बादलीत डोकं घालून बोलतेयस." मग माइक दोन बोटं वर, एक बोट बाजूला. असं करत जागा सापडते, आणि सापडली की दांडी तिथेच ठेवायची.

बिघाड झाला तर

पलीकडच्याला स्वतःचाच आवाज परत ऐकू येत असेल, तर तुमच्या कपातला आवाज तुमच्या माइकमध्ये शिरतोय. व्हॉल्यूम कमी करा, माइक कपापासून लांब करा. तक्रार त्याला होते, उपाय तुमच्याकडे असतो.

लॅपटॉप चार्जिंगला असताना गुणगुण येते? चार्जर काढून बघा. थांबली तर दोष बहुतेक अर्थिंगचा किंवा चार्जरचा आहे, हेडसेटचा नाही. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांत तर पुष्कळदा प्लगला अर्थिंगची तारच नसते. तो तास बॅटरीवर घ्या आणि वायरमनला बोलवा.

एकच कान वाजत असेल तर आधी सेटिंगमधला डावा-उजवा तोल बघा, मग दुसऱ्या फोनवर लावून बघा. दोन्हीकडे तेच झालं तर पिनेजवळ वायर वाकवून बघा. मधूनच आवाज आला तर आतली तार तुटली आहे. नवी पिन लावून सोल्डरचा डाग देणारे कारागीर अजून आहेत, चांगला हेडसेट असेल तर फेकू नका.

माइक अधूनमधून जातो आणि फोन जुना आहे? फोनच्या जॅकमध्ये टॉर्च मारा. खिशातल्या कापसाचा बोळा तळाशी बसलेला असतो, त्यामुळे पिन शेवटचा अर्धा मिलिमीटर आत जात नाही. फोन बंद करून लाकडी टूथपिकने अलगद काढा. सुई किंवा टाचणी घालू नका.

रोजचं

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास, इथवर सुरक्षित मानते. आवाज त्याहून वाढला की वेळ झपाट्याने कमी करावा लागतो. घरी डेसिबल मोजायला कोणी बसत नाही, म्हणून मी मुलांना एक सोपी खूण सांगते: हेडसेट कानावर असताना हातभर अंतरावरून कोणी साधं बोललं आणि ते कळलंच नाही, तर व्हॉल्यूम जास्त आहे. एक तास संपून दुसरा सुरू होण्याआधी दहा मिनिटं कान मोकळे ठेवा.

कपांवरचं रेक्झिनसारखं काळं आवरण घामाने आणि पावसाळ्यातल्या दमटपणाने सोलवटतं, कानाला काळे कण लागतात. रोज कोरड्या फडक्याने पुसलं तर ते जास्त टिकतं. कुशनचे नवे जोड सुटेही मिळतात, आपल्या कपाचा व्यास मोजून न्या. माइकची स्पंजची टोपी महिन्यातून एकदा साबणाच्या कोमट पाण्यात धुवा आणि पूर्ण वाळल्याशिवाय परत चढवू नका.

वायर काढताना पिनेचं प्लॅस्टिक धरून काढा, वायर ओढू नका. गुंडाळताना बोटांभोवती करकचून नको, तळहाताएवढी सैल वेटोळी करा आणि पिनेजवळची चार बोटं वायर सरळ राहू द्या. माझा सध्याचा हेडसेट टेबलाच्या कडेला ठोकलेल्या एका खुंटीवर टांगलेला असतो, दांडी वर वळवलेली. संध्याकाळी सहाला तो काढते आणि हजेरीच्या वेळी पहिल्या मुलीला विचारते, "साठ म्हटलं, काय ऐकू आलं?"